साध्या फोनवरची शिकवणी: हर्णैच्या बाजूला आम्ही वापरून बघितली, त्याबद्दल सगळं

पाचपैकी चार स्टार. एक कुठे कापला ते पुढे येईलच. पण ज्यांच्या घरात एकच बटणाचा फोन आहे आणि मूल दुसरी ते पाचवीत आहे त्यांना ही फोनवरची शिकवणी मिळत असेल तर डोळे झाकून नाव नोंदवा, एवढं आधीच सांगते. दुकानात येणाऱ्या बायका रोज विचारतात, "ताई ते फोनवर शिकवतात ते खरंच कामाचं आहे का, का उगाच आपलं?" म्हणून एकदाच नीट लिहून ठेवतेय.

माझं दापोली तालुक्यातल्या हर्णै बंदराला जाणाऱ्या रस्त्यावर ई-सेवा केंद्र आहे, रिचार्ज, झेरॉक्स, सातबारा, पॅनकार्ड असलं सगळं चालतं, त्यामुळे आजूबाजूच्या वाड्यांमध्ये कोणाकडे कुठला फोन आहे आणि कोणाचं रिचार्ज कधी संपतं हे मला बऱ्यापैकी माहीत असतं. शिकवणी घेतली ती माझ्या पुतणीसाठी. जिल्हा परिषदेच्या शाळेत तिसरीत आहे, बापूस खलाशी, आई म्हणजे माझी धाकटी जाऊ बंदरावर म्हावरं विकते. शाळेत पटसंख्या कमी, सगळे वर्ग मिळून दोनच शिक्षक, आणि त्यातल्या एकांना सारखी कुठली ना कुठली मीटिंग नाहीतर सर्वे असतो. शिक्षक चांगले आहेत, पण एक माणूस तीन इयत्तांना एका खोलीत किती पुरणार हो?

शिकवणी चालवणारी संस्था तालुक्यातलीच, छोटी. नाव मुद्दाम देत नाही कारण त्यांच्याकडे आत्ताच शिकवणाऱ्या मुली कमी आणि पोरं जास्त झालीत. शिकवतात त्या बहुतेक डीएड झालेल्या पण नोकरी न लागलेल्या मुली, काही कॉलेजची मुलंपण आहेत. फी नाही. ॲप नाही, लिंक नाही, पासवर्ड नाही, नेट लागतच नाही. सुरुवातीला एक पाच-दहा मिनिटांचा कॉल येतो त्यात मुलाला काय येतं काय नाही ते बघतात, बेरीज येते का, हातच्याची येते का, वजाबाकी, गुणाकार, भागाकार असं एकेक पायरी वर जात. जिथे अडेल तिथून शिकवायला सुरुवात, मूल कितवीत आहे याच्याशी संबंध नाही. ही मला सगळ्यात आवडलेली गोष्ट. ‘प्रथम’ नावाच्या शिक्षणात काम करणाऱ्या संस्थेने मुंबईत १९९५ पासून आणि पुढे देशभर जे काम केलं त्यातून ही पद्धत पुढे आली, मुलाच्या इयत्तेप्रमाणे नाही तर त्याच्या पातळीप्रमाणे शिकवायचं. शाळेत पुस्तक संपवायचं असतं म्हणून मास्तरांना ते जमवणं अवघड जातं, फोनवर मात्र एका वेळी एकच मूल असतं.

मग दर आठवड्याला ठरलेल्या वारी एक कॉल, वीसेक मिनिटं. त्याच्या आधी एक एसेमेस, त्यात दोन-तीन गणितं. आई नाहीतर घरातलं कोणीतरी मोठं माणूस शेजारी बसायचं, फोन स्पीकरवर ठेवायचा, आणि समोर वही-पेन्सिल. बस एवढंच.

आता एक कॉल कसा होतो ते नीट सांगते कारण माझं मत पालटलं ते तिथेच. एसेमेसमध्ये गणित होतं ५२ वजा ३८. पोरीने वहीत केलं आणि फोनवर ठणकावून सांगितलं, सव्वीस. पलीकडची ताई चूक म्हणाली नाही, बरोबर आहे असंही म्हणाली नाही. तिने विचारलं, "बाळा, वरचे दोन आणि खालचे आठ, त्याचं काय केलंस?" पोरगी म्हणाली, आठातून दोन गेले सहा. झालं, ताईला कळलं की ही हातचा घेतच नाही, मोठ्यातून लहान वजा करून मोकळी होते, वर कुठला आणि खाली कुठला बघतच नाही. मग ताईने पुस्तक बाजूला ठेवलं आणि विचारलं, "आईने बावन्न बांगडे आणले, अडतीस विकले, टोपलीत किती राहिले?" आणि पोरीने वहीकडे न बघता फाटदिशी सांगितलं, चौदा! तेच गणित, तेच आकडे. माझी जाऊ तोंडाला पदर लावून बघत राहिली.

त्याच्यानंतर ताईने सांगितलं घरात खराटा असेल त्याचे हीर घ्या, दहा-दहाच्या जुड्या करा, रबर लावा. पाच जुड्या आणि दोन सुटे हीर. आता यातून अडतीस मला दे. पोरीने तीन जुड्या बाजूला काढल्या, मग आठ सुटे द्यायचे तर हातात दोनच. गप्प बसली. फोनवरपण शांतता. ताईने सांगितलं नाही काय करायचं ते, थांबली फक्त. मग पोरगीच म्हणाली, "एक जुडी सोडू काय?" सोड म्हणाली ताई. दहा आणि दोन बारा झाले, आठ काढले, चार राहिले, एक जुडी राहिली, चौदा. मग वहीत तेच लिहायला लावलं, वर पाचाचे चार केले आणि दोनाचे बारा केले तेव्हा तिला समजलं की हातचा म्हणजे ती सोडलेली जुडी. मी हे समोर बसून बघितलंय. वीस मिनिटांतली पंधरा मिनिटं या एका गणितात गेली आणि माझ्या मते ती सगळ्यात चांगली गेली.

हे आमच्याच पोरीचं नाही बरं का. अभिजित बॅनर्जी आणि एस्थर डुफ्लो, ज्यांना २०१९ मध्ये अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं, त्यांचा आणि त्यांच्या सोबतच्या संशोधकांचा एक अभ्यास २०२५ मध्ये नेचर या विज्ञान साप्ताहिकात आलाय, कोलकाता आणि दिल्लीच्या बाजारात काम करणाऱ्या मुलांवर. बाजारात ही मुलं तोंडी हिशोब बिनचूक करतात, पण तसलंच गणित शाळेसारखं कागदावर दिलं की अडतात, आणि शाळेतल्या मुलांचं उलट होतं, कागदावर येतं पण बाजारातला हिशोब जमत नाही. बंदरावर वाढलेली आमची पोरं बघा ना. लिलावाची बोली चालू असताना आईच्या आधी हिशोब सांगतात आणि शाळेत गणितात कच्ची म्हणून शेरा. त्यांना गणित येत नाही असं नाहीच, त्यांच्या डोक्यातलं गणित आणि वहीतलं गणित यांची गाठ कोणी मारून दिलेली नाही. ती गाठ मारायला समोर ऐकणारं माणूस लागतं, पोराने सव्वीस सांगितलं की ते सव्वीस कुठून आलं हे ओळखणारं. सव्वीसवर लाल फुली मारायला काय, कुठलंही मशीन मारेल.

आता कोणी म्हणेल मग एसेमेसच पाठवा ना, कॉलचा खर्च आणि माणसं कशाला. मलापण आधी तसंच वाटायचं, एसेमेस स्वस्त पडतो, एका क्लिकमध्ये हजारांना जातो. पण याचं उत्तर आधीच मिळालेलं आहे. २०२० मध्ये करोनात शाळा बंद होत्या तेव्हा आफ्रिकेतल्या बोत्सवाना देशात साडेचार हजारांच्या आसपास कुटुंबांवर हे करून बघितलं. काही घरांना फक्त एसेमेस, काहींना एसेमेस अधिक आठवड्याला पंधरा-वीस मिनिटांचा कॉल, आणि काहींना काहीच नाही. फक्त एसेमेसवाल्यांच्यात म्हणावा तसा फरक पडला नाही, कॉलवाल्यांच्यात पडला. मग तेच भारत, नेपाळ, केनिया, युगांडा आणि फिलिपिन्स अशा पाच देशांत सोळा हजारांवर मुलांसोबत केलं, तिथेही कॉलवाली मुलंच पुढे गेली, आणि कॉल करणारे सरकारी शिक्षक असले तरी उपयोग झाला. हे वाचल्यावर मला बरं वाटलं कारण आपल्याकडे कसं आहे, काही चांगलं चाललं की लगेच म्हणायचं संस्थावाल्यांना जमतं, शाळेला नाही जमणार.

एसेमेसबद्दल दुकानातला अनुभव सांगते. देवनागरीत लिहिला तर एका एसेमेसमध्ये ७० अक्षरं बसतात, इंग्रजी लिपीत १६०. आणि आपल्या भाषेत काना मात्रा वेलांटी सगळं वेगळं मोजलं जातं, म्हणजे दोन वाक्यं लिहिली की एसेमेस संपला, पुढचा तुकडा वेगळा येतो, कधी आधी येतो कधी नंतर. शिवाय जुन्या बटणाच्या फोनमध्ये देवनागरी दिसतच नाही, नुसते चौकोन दिसतात. माझ्याकडे बायका तो फोन घेऊन येतात, ताई हे काय आलंय बघ जरा. या संस्थेने शहाणपणा केला, एसेमेसमध्ये फक्त इंग्रजी आकडे टाकतात. 52-38, 47+25, 6x4 असं. कुठल्याही फोनवर दिसतं आणि वाचायला मराठी येवो न येवो. शब्दांची गणितं मात्र कॉलवर तोंडी.

फोनवर तोंडी आकडे हा वेगळाच त्रास आहे पण. लाईन खरखरत असली की त्रेसष्ट का त्रेपन्न, एकोणसाठ का एकोणसत्तर, काही कळत नाही. ताई मग सहा दशक तीन सुटे असं सांगते आणि पोरगी परत आकडा म्हणून दाखवते, तेव्हाच पुढे. संस्थेने हे सगळ्या ताईंना शिकवलंय असं दिसतं.

फोनचं सांगते आता, कारण खरी अडचण तिथे आहे. असर म्हणून गावांतल्या मुलांच्या शिक्षणाची पाहणी होते, तिच्या २०२० च्या अहवालात देशातल्या ग्रामीण भागात शाळेत जाणाऱ्या मुलांपैकी ६१.८ टक्के मुलांच्या घरी स्मार्टफोन होता, २०१८ मध्ये हेच ३६.५ टक्के होतं. वाचायला छान वाटतं. पण घरात फोन आहे आणि मुलाच्या हातात फोन आहे यात फरक आहे ना. आमच्याकडे एकच फोन असला तर तो बापसाबरोबर बोटीवर जातो. जायलाच पाहिजे, समुद्रात काही झालं तर कळणार कसं. आणि किनारा लांब पडला की रेंज गेली, कॉल लागतच नाही. म्हणजे पोरगी घरी, ताईचा कॉल भर समुद्रात. शासनाची मासेमारी बंदी १ जून ते ३१ जुलै असते त्या दोन महिन्यांत बोटी वर ओढलेल्या, माणसं घरी, फोन घरी, तेव्हा शिकवणी इतकी सुरळीत चालली की बघायला नको. बापूससुद्धा शेजारी बसायचा. ऑगस्टात बोटी पाण्यात गेल्या आणि कॉल चुकायला लागले. मग आम्ही माझ्या दुकानाचा नंबर दिला आणि पोरगी ठरलेल्या दिवशी माझ्याकडे येऊन बसते. पण प्रत्येकाच्या शेजारी काकीचं दुकान असतं असं नाही. संस्थेने प्रत्येक मुलासाठी दोन नंबर घ्यायला हवेत, एक घरचा आणि एक शेजारचा, अंगणवाडीताईचा, आशाताईचा, कोणाचाही. मी त्यांना हे सांगितलंय, अजून केलेलं नाही. स्टार कापण्याचं पहिलं कारण हे.

दुसरं कारण वेळ. कॉलची वेळ दिली होती संध्याकाळी पाच. हर्णै बंदरात संध्याकाळच्या लिलावाला त्या वेळी काय गर्दी असते ते इथल्या माणसाला सांगायला नको, त्या वेळी कुठली आई घरी बसून फोन स्पीकरवर धरेल? साडेसातनंतर कॉल ठेवा म्हटलं तर ताई म्हणाली तिला एवढ्या उशिरा घरून परवानगी नाही. तिचंही खरं आहे. शेवटी रविवारी सकाळचं ठरलं. पण हे प्रत्येक कुटुंबाला भांडून मिळवावं लागू नये, नाव नोंदवतानाच विचारा की तुमच्याकडे कधी जमेल.

उलट एक गोष्ट अशी की ज्यांचं घरच हलतं त्यांच्यासाठी फोनच बरा. आमच्या मागच्या डोंगराकडच्या कातकरी वाडीतली कुटुंबं दिवाळीनंतर वीटभट्टीवर जातात, पोरं सोबत, शाळा तुटते ती पार पावसाळ्यापर्यंत. तिथे फोन मुलाबरोबरच जातो, मग कॉलही जातो. वाडीतल्या एका मुलाने भट्टीवरून शिकवणी चालू ठेवलीय, परत आला की शाळेत एकदम कोऱ्या पाटीने बसावं लागणार नाही. तसंच आंब्याच्या बागेत राखणीला असलेल्या एका नेपाळी कुटुंबाचा मुलगा. मराठी त्याला फर्डी येते, आईला नाही, त्यामुळे ताई त्याच्याशीच बोलते आणि आईला फक्त एवढंच सांगते की फोन धरून शेजारी बसा. या मुलांसाठी मी पाचपैकी पाच द्यायला तयार आहे.

शेजारी बसणारं माणूस हा यातला मोठा भाग आहे हे लिहायलाच हवं. बांगलादेशात शाळा बंद असताना विद्यापीठातली मुलं स्वयंसेवक म्हणून खेड्यातल्या आयांना दर आठवड्याला फोन करायची, मुलांचा अभ्यास कसा घ्यायचा ते सांगायची, आणि तिथे मुलांची प्रगती खूपच चांगली झाली, आयांचाही मुलांच्या अभ्यासातला वेळ वाढला. माझी जाऊ सातवी शिकलेली. आधी म्हणायची मला काय कळतंय त्यातलं, तुम्हीच बसा. ताईने तिला काम काय दिलं तर, पोरगी उत्तर देईल तेव्हा फक्त विचारायचं "कसं केलंस, मला सांग." बरोबर का चूक ते तुम्ही बघू नका. आता ती लिलावातून आल्यावर चुलीपाशी बसून विचारते, कसं केलंस सांग मला, आणि पोरगी जुड्या सोडून-बांधून दाखवते. शिकलेली आई नसली तरी चालतं, विचारणारी आई पाहिजे. माझ्या जावेच्या बोलण्यात आता "आमच्या ताईंनी सांगितलंय" हे सारखं येतं.

सगळीकडे हे जमतंच असंही कोणी समजू नये. आफ्रिकेतल्या सिएरा लिओनमध्ये रेडिओवरच्या धड्यांना जोड म्हणून शिक्षकांनी मुलांना कॉल केले, मुलांचा अभ्यासातला सहभाग वाढला, पण चाचणीत गुणांचा फरक दिसला नाही. म्हणजे नुसता कॉल गेला म्हणून काम होत नाही. कॉलमध्ये काय होतं ते महत्त्वाचं. आमच्याकडे मध्यंतरी ताई बदलली, पहिलीला नोकरी लागली, चांगलंच झालं तिचं, पण नवीन ताई आली तिला आधीची नोंद कोणी दिलेली नव्हती. तिने पहिल्या कॉलला पुन्हा साध्या बेरजेपासून सुरू केलं, आणि दुसऱ्या कॉलला नुसतं "अभ्यास झाला का, बरं, छान" करून ठेवून दिला. पोरगी माझ्याकडे बघते, काकी आज काही शिकवलंच नाही. असे दोन-चार कॉल झाले की मूल उठून जातं, परत बसत नाही. मी संस्थेत फोन केला, त्यांनी ऐकून घेतलं आणि नवीन ताईला जुन्या ताईशी बोलायला लावलं, मग गाडी रुळावर आली. पण प्रत्येक मुलाची एक वही संस्थेत असायला पाहिजे, आज कुठे अडलं, पुढच्या वेळी काय घ्यायचं. एका ताईकडे वीस मुलं धरली तर वीस गुणिले वीस मिनिटं म्हणजे आठवड्याला सात तासांच्या आतबाहेर, त्यात प्रत्येकाच्या दोन ओळी लिहायला फार वेळ जात नाही.

वाचनाला मात्र ही पद्धत कमी पडते असं माझं मत. गणितात उत्तर ऐकून चूक कळते. वाचताना पोरगी अक्षर बघून वाचतेय का अंदाजाने ठोकतेय ते ताईला दिसत नाही. संस्थेने उताऱ्यांचा एक कागद दिलाय, तोच ताईकडेपण असतो, त्यावर बोट ठेवून वाचायचं. पण आमची पोरगी हुशार, दोनदा ऐकलं की उतारा पाठ. ताईला वाटतं छान वाचते. नवीन कागद वरचेवर पाठवायला पाहिजेत, माझ्या दुकानात झेरॉक्स काढून देते म्हटलं, पैसे नको मला.

नेटवर्कबद्दल थोडक्यात. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं तेव्हा दापोली, मंडणगड, श्रीवर्धन या पट्ट्यात काय झालं ते आपण भोगलंय, कित्येक वाड्यांत आठवडेच्या आठवडे लाईट नव्हती. त्याच काळात राज्यभर "शाळा बंद पण शिक्षण आहे" चाललं होतं, व्हॉट्सॲपवर अभ्यास येत होता, सह्याद्रीवर टिलीमिली लागायची, चांगला कार्यक्रम होता तो, पण आमच्याकडे टीव्ही लावायला वीज कुठे होती आणि व्हॉट्सॲपला टॉवर कुठे होता. साध्या फोनलाही टॉवर लागतोच, तेव्हा वादळात हेही बंद पडणार. फायदा एवढाच की बटणाच्या फोनची बॅटरी तीन-चार दिवस टिकते आणि सड्यावर जाऊन एक-दोन कांड्या मिळाल्या तरी बोलणं होतं, तेवढ्या रेंजमध्ये व्हिडिओ कधी उघडणार नाही.

आता तुलना करायची तर आमच्याच नात्यात एकांनी एका कंपनीच्या माणसाच्या बोलण्याला भुलून मुलासाठी टॅब घेतला, हप्त्यावर. घरी येऊन मुलाची परीक्षा घेतली, मूल मागे आहे म्हणाले, आईबाप घाबरले, सही केली. व्हिडिओ चकाचक आहेत, पण भाषा शहरातली, मुलगा चौथीत आणि शिकवतात चौथीचं, त्याला येतं दुसरीचं. शंका विचारायचा नंबर लागत नाही. टॅबवर आता गेम चालतात आणि हप्ता खात्यातून जातोच आहे. ज्या घरात म्हावऱ्याच्या भरवशावर महिना निघतो तिथे हे असलं विकणाऱ्यांचा मला मनापासून राग येतो. मुलाच्या शिक्षणाची भीती दाखवून गरिबाकडून सही घेणं हे पाप आहे.

खर्च. शिकवणी फुकट असली तरी फोन चालू ठेवायला रिचार्ज लागतंच, आणि वैधता संपली की थोड्या दिवसांत इनकमिंगही बंद होतं, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. कॉल येत नाही म्हणून संस्थेला नावं ठेवतात आणि फोन बघितला तर रिचार्ज संपलेलं. फोन कंपन्यांवर लक्ष ठेवणाऱ्या ट्राय या सरकारी संस्थेने डिसेंबर २०२४ मध्ये कंपन्यांना सांगितलं की नेट नसलेलं, फक्त कॉल आणि एसेमेसचं रिचार्ज द्यायलाच हवं, तशी पॅक आलीत. साध्या फोनवाल्यांनी दुकानात तेच मागा, महिना-महिना न करता लांब मुदतीचं घेतलं तर मध्येच तुटणार नाही. दुकानदार आपणहून सांगेलच असं नाही.

आणि कृपा करून अनोळखी नंबर म्हणून कॉल कापू नका. ओटीपीच्या फसवणुकीमुळे लोक इतके धास्तावलेत की "मुलाला फोन द्या" म्हटलं की कट. भीती बरोबर आहे, कोणीही ओटीपी, आधार नंबर, खात्याचा नंबर मागितला तर खरंच कापा, शिकवणाऱ्याला यातलं काहीही लागत नाही. नाव नोंदवताना ताईचा नंबर फोनमध्ये "शाळा" म्हणून सेव्ह करून घ्या, वाचता न येणाऱ्यांनी रिंगटोन वेगळी लावून घ्या, माझ्याकडे आणलंत तर मी लावून देते.

ज्यांना घ्यायचंय त्यांनी शाळेत मुख्याध्यापकांना विचारा, संस्था शाळेमार्फतच नावं घेते. चांगली वेळ म्हणजे जून, बोटी वर आल्या आल्या, तेव्हा दोन महिने सलग मिळतात आणि मुलाला सवय लागते. बंदी उठायच्या आत दुसरा नंबर कोणाचा द्यायचा ते ठरवून ठेवा. संस्थेच्या लोकांनी हे वाचलं तर तीनच मागण्या आहेत, दोन नंबर घ्या, वेळ घरच्यांना विचारून ठरवा, आणि ताई बदलली की वही पुढच्या ताईच्या हातात द्या. हे केलंत की पाचवा स्टार मी स्वतः येऊन बदलते.